मुलाला मोटरसायकल काढायचीय, आणि दोन चाकांच्या पुढे चित्र सरकत नाही

कोरापान

माझा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे. गेले दोन महिने तो रोज एकच चित्र काढतोय: मोटरसायकल. दोन गोल छान येतात. मग टाकी, मग सीट. हँडलपाशी आला की गाडी अडते. ते कशाला जोडायचं हे त्याला कळत नाही, म्हणून ते टाकीच्या वर अधांतरी राहतं. काल त्याने वहीचं पान फाडलं आणि "माझी गाडी चालणार नाही" म्हणून रडत बसला. "चांगली दिसत नाही" असं तो म्हणाला नाही, "चालणार नाही" म्हणाला. ते वाक्य माझ्या मनातून जात नाहीये.

मला स्वतःला चित्रकला येत नाही. 'सहा पायऱ्यांत मोटरसायकल' अशा पद्धतीची दोन-तीन चित्रं शोधून त्याच्यासमोर ठेवली. तिसऱ्या पायरीपर्यंत सगळं सोपं असतं, आणि चौथ्या पायरीत इंजिन, सायलेन्सर, चेन सगळं एकदम येऊन बसतं. तो आणखीच खट्टू झाला.

त्याच्या चित्रात काय काय असतं ते सांगते. दोन्ही चाकं जवळजवळ एकमेकांना चिकटलेली. पुढचा दांडा सरळ उभा. चेन दोन्ही चाकांभोवती फिरवलेली. आणि दोन्ही बाजूंचे फूटरेस्ट एकाच वेळी दिसतात. शिकवू, की नुसतं काढू देऊ? शिकवायचं तर सुरुवात कुठून करू?

पाटीपेन्सिल

कोरापान ताई, मी ३१ वर्षं मुलांना चित्रकला शिकवली. "चालणार नाही" म्हणणारं मूल फार थोड्या वेळा भेटलं. त्याला गाडीचं चित्र नकोय, गाडी हवीय. त्यामुळे त्याला बाह्यरेषा गिरवायला देऊ नका, त्यात त्याचं समाधान होणार नाही.

आधी मोजमाप. मोटरसायकल मोजायची ती चाकाने. साध्या रोजच्या गाडीचं चाक टायरसकट साधारण ६० ते ६२ सेंटीमीटर उंच असतं, आणि पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंतचं अंतर सव्वा मीटरच्या आसपास. म्हणजे चाकाच्या दुप्पट, किंवा किंचित जास्त. याचा चित्रासाठी अर्थ एवढाच की दोन चाकांच्या मधे आणखी एक चाक मावतं.

म्हणून एक डबीचं झाकण घ्या आणि कागदावर एका ओळीत तीन गोल काढायला सांगा, एकमेकांना टेकलेले. हात हलका, रेघ जेमतेम दिसेल अशी. कडेचे दोन गोल ही चाकं. मधला गोल ही इंजिनाची खोली. चाकं चिकटण्याचा प्रश्न इथेच सुटतो, आणि इंजिन कुठे बसवायचं हाही. सीट जमिनीपासून सव्वा चाक उंच, हँडल पावणेदोन चाकं उंच. सहा वर्षांच्या मुलाला 'सव्वा' सांगू नका. 'सीट चाकापेक्षा थोडी उंच, हँडल सीटपेक्षा उंच' एवढं पुरे.

आता पुढचा दांडा, म्हणजे फोर्क. कागदाचा एक चौकोनी कोपरा घ्या आणि त्याच्या दोन्ही कडा जुळतील अशी घडी घाला. ४५ अंश झाले. पुन्हा तशीच घडी घातली की साडेबावीस. साध्या मोटरसायकलचा पुढचा फोर्क उभ्या रेषेपासून मागे २४ ते २७ अंश कललेला असतो, त्याला हा घडीचा कोपरा पुष्कळ जवळचा आहे. कोपऱ्याचं टोक पुढच्या चाकाच्या मध्यावर ठेवायचं, एक कड सरळ उभी, आणि दुसरी कड चालवणाऱ्याकडे झुकलेली. त्या कडेने रेघ मारली की गाडीला लगेच जीव येतो. सरळ उभा दांडा काढला की गाडी थबकल्यासारखी दिसते. उलट दिशेला कलला तर नाकावर पडतेय असं वाटतं. तीनही प्रकार त्याला एकदा काढू द्या आणि कुठली गाडी चालेल ते त्यालाच विचारा.

पाना१३

सरांनी मोजमाप सांगितलं, मी सांध्यांचं सांगतो. माझा दिवस गाड्या खोलण्यात आणि जोडण्यात जातो, त्यामुळे मला चित्रातही आधी सांधेच दिसतात.

ठिपके चार. पहिले दोन म्हणजे चाकांचे मध्य. तिसरा जिथे हँडल वळतं तिथे, फोर्कच्या वरच्या टोकापाशी. सरांच्या तीन गोलांत तो मधला आणि पुढचा गोल जिथे टेकतात जवळपास त्याच्या डोक्यावर येतो. चौथा मधल्या गोलाच्या मध्याच्या जरा मागे. मागचं चाक धरणारा आडवा दांडा, म्हणजे स्विंगआर्म, तिथे बिजागरीसारखा अडकवलेला असतो. खड्डा आला की चाक त्या बिजागरीवर वर-खाली होतं. तिसरा आणि चौथा ठिपका जोडला की चेसिसचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, कणा झाला. कण्याच्या वर टाकी, तिच्या मागे सीट, खाली इंजिन. या चार ठिपक्यांना जे जोडलेलं नाही ते गळून पडणार. त्याचं हँडल अधांतरी का दिसतं याचं उत्तर तिसऱ्या ठिपक्यात आहे: हँडल आणि पुढचं चाक एकाच दांड्याची दोन टोकं आहेत. हे एकदा हाताने दाखवा. एक मूठ वर, एक खाली, आणि दोन्ही एकत्र वळवून.

चेनचं म्हणाल तर ती फक्त मागच्या चाकाला फिरवते. इंजिनातून बाहेर आलेलं छोटं दातेरी चाक पुढे, चौथ्या ठिपक्याच्या किंचित पुढे. आणि मागच्या चाकावर त्याच्या साधारण तिप्पट दात्यांचं मोठं. सायकलवर याच्या उलट असतं, पायडलपाशी मोठं आणि मागे छोटं. ज्या मुलांनी सायकल नीट पाहिलेली असते ती मोटरसायकललाही पुढे मोठं चाक काढतात. तसं काढलं तर रागवू नका, त्याने सायकल बारकाईने पाहिल्याची ती खूण आहे.

आणि कुठली बाजू काढतोय ते आधी ठरवा. गाडीवर बसल्यावर डावीकडे गिअर आणि साइडस्टँड, उजवीकडे मागच्या ब्रेकचं पायडल. चेन बहुतेक गाड्यांना डावीकडे असते, आणि एका सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे. म्हणजे कागदावर गाडीचं तोंड डावीकडे असेल तर चेन दिसेल, उजवीकडे असेल तर सायलेन्सर. पायऱ्यांच्या चित्रांत बऱ्याचदा दोन्ही एकाच बाजूला कोंबलेलं असतं. चौथ्या पायरीत गर्दी होते ती यामुळेसुद्धा.

झुळूक

मी बालशिक्षणात काम करते. दोन्ही फूटरेस्ट दिसण्याबद्दल थोडं लिहिते, कारण तिथे घाई होण्याची भीती वाटते.

ही चूक म्हणून दुरुस्त करू नका, कृपया. १९७२ साली नॉर्मन फ्रीमन आणि जॅनिकून यांनी मुलांसमोर एक कप ठेवला होता, कान मागे वळवलेला, म्हणजे मुलांना तो दिसत नव्हता. पुढच्या बाजूला एक फूल होतं, ते स्पष्ट दिसत होतं. समोर दिसतं तेच काढा असं सांगूनही लहान मुलांनी न दिसणारा कान काढला, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी दिसणारं फूल गाळलं. साधारण आठ वर्षांपुढची मुलं दिसतं तसं काढू लागली. लहान मूल वस्तूबद्दल जे जाणतं ते काढतं. कपाला कान असतो म्हणून कान. मोटरसायकलला दोन फूटरेस्ट असतात म्हणून दोन. साडेसहाव्या वर्षी हे अगदी वयाला धरून आहे.

आणि चेनबद्दल मोठ्यांनी फार अभिमान बाळगायला नको. लिव्हरपूल विद्यापीठातल्या रेबेका लॉसन यांनी २००६ मध्ये मोठ्या माणसांना सायकलचं चित्र पुरं करायला दिलं, तेव्हा कित्येकांनी चेन दोन्ही चाकांभोवती फिरवली. जियानलुका जिमिनी नावाच्या इटालियन डिझायनरने २००९ पासून लोकांकडून आठवणीने सायकली काढून घेतल्या आणि त्यांतल्या काहींची हुबेहूब संगणकचित्रं केली. त्यांतल्या काही सायकली वळूच शकल्या नसत्या, इतकी चौकट पुढच्या चाकात अडकलेली. रोज डोळ्यांपुढून जाणारी वस्तू आपण पाहिलेली असतेच असं नाही, ताई. तुमच्या मुलाला निदान कळतंय की काहीतरी सुटलं आहे.

आडवी_रेघ

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. घडीचे अंश, चार ठिपके, डावी-उजवी बाजू. मूल साडेसहा वर्षांचं आहे. लहानपणी मला असंच नीट काढायला शिकवलं गेलं. झाडाचं खोड असं, डोंगर तीन, मधे सूर्य. त्यानंतर कितीतरी वर्षं मी दुसरं झाड काढलंच नाही. अधांतरी हँडलवाली मोटरसायकल त्याची स्वतःची आहे. ती जाऊन झाकणाने काढलेली तुमची मोटरसायकल आली तर काय कमावलं?

पाटीपेन्सिल

आडवी_रेघ, तुमचं दुखणं खरं आहे आणि मी ते माझ्या हातूनही घडवलेलं आहे. सुरुवातीची पाच-सात वर्षं मी फळ्यावर चित्र काढून मुलांना उतरवायला लावत होतो. चाळीस वह्यांत चाळीस एकसारखी चित्रं यायची आणि मला त्याचा आनंद व्हायचा. आज त्याचं वाईट वाटतं.

पण इथे मूल मदत मागतंय. पान फाडणं ही मदतीची हाकच आहे. आनंदाने अधांतरी हँडल काढणाऱ्या मुलाला मी हात लावणार नाही. रडणाऱ्याला 'तुझं छान आहे' म्हणून परत पाठवणं मला जमणार नाही. झाकण हा आधार आहे, गरज संपली की मूल तो आपणच टाकतं.

गिरवण्याबद्दलही कोणीतरी विचारेल म्हणून आत्ताच सांगतो. फोटोवर पातळ कागद ठेवून एकदा गिरवायला माझी हरकत नाही, पण बाह्यरेषा नाही गिरवायची. गिरवायचे ते पाना१३ यांचे चार ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. मग कागद उचलायचा, फोटो बाजूला, आणि त्या सांगाड्यावर आपली गाडी चढवायची. टाकी फुगीर हवी तर फुगीर, सीट लांब हवी तर लांब. त्याच सांगाड्यावर मुलं एकमेकांशी न जुळणाऱ्या गाड्या काढतात, हे मी पाहिलं आहे.

कोरापान

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस झाले, म्हणून कळवते.

झाकणाचे तीन गोल त्याला प्रचंड आवडले. मधल्या गोलाला तो 'इंजिनाचं घर' म्हणतो. अंश वगैरे काही सांगितलं नाही, फक्त घडीचा कोपरा दिला. त्याने त्याला 'कलणारा कागद' असं नाव दिलंय आणि कंपासपेटीत ठेवलाय. मुठी वळवून दाखवल्यावर दोन मिनिटं गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे हँडल चाकाचं आहे, टाकीचं नाही." आता हँडल जोडलं जातंय.

चेनचं मी त्याला सांगितलं नाही. खाली उभ्या असलेल्या गाडीजवळ नेलं आणि ती कुठून कुठे जाते ते बोटाने हवेत दाखव म्हटलं (गाडी सकाळपासून बंद होती, थंड होती, आणि हात लावू दिला नाही). परत येऊन त्याने जुन्या चित्रातली पुढची चेन स्वतः खोडली.

दोन प्रश्न आहेत. एक, चाकाचे आरे. तो मध्यबिंदूतून काढतो आणि मधे काळा गोळा होतो. दोन, आता त्याने गाडीच्या दोन बाजूंना दोन छोटी चाकं जोडलीत, गाडी पडू नये म्हणून. मोठी बहीण हसली, तर त्याने ती खोडायला घेतली. मी थांबवलं. बरोबर केलं ना?

पाना१३

ताई, अगदी बरोबर केलंत. त्याला आणि बहिणीला दोघांनाही सांगा: १८८५ साली जर्मनीत गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी पेट्रोलच्या इंजिनावर चालणारी जी पहिली दुचाकी बनवली तिला दोन्ही बाजूंना अशीच छोटी चाकं होती. सांगाडा लाकडी, चाकं लाकडी, इंजिन २६४ सीसीचं आणि ताकद अर्धा अश्वशक्ती. त्यांना इंजिन चालतं का ते पाहायचं होतं, तोल सांभाळण्याचा प्रश्न मधे नको होता. तुमच्या मुलाने तेच केलं. ती चाकं राहू द्या.

आऱ्यांचं उत्तर सोपं आहे, आणि तेही खऱ्या चाकातच आहे. तारेचे आरे मध्यबिंदूला कधीच जात नाहीत. मधे हब असतो, बशीएवढा, आणि आरे त्याच्या कडेला तिरपे लागतात, एकमेकांना ओलांडून. बऱ्याच गाड्यांना ते ३६ असतात. त्याला ३६ काढायची गरज नाही. मधे छोटं वर्तुळ काढायला सांगा आणि आरे त्याच्या कडेपासून सुरू करायला सांगा, आठ-दहा पुरे. अलॉय चाक हवं असेल तर तीन किंवा सहा फाटे काढा, पाच फाटे सारख्या अंतरावर बसवणं मोठ्यांनाही कठीण जातं.

उशिरासुरुवात

धागा मुलांचा आहे, पण मी ५२ वर्षांची आहे आणि मागच्या वर्षी पहिल्यांदा पेन्सिल हातात घेतली. तीन गोलांनी माझी बाजूने दिसणारी गाडी जमली. आता मला ती थोडी समोरून, तिरपी दिसणारी काढायची आहे. चाकं लांबट होतात हे कळतं, पण माझ्या गाडीची चाकं वाकलेली दिसतात. एक एकीकडे पडतंय, दुसरं दुसरीकडे. यात चूक नेमकी कुठे असते?

पाटीपेन्सिल

ताई, चूक आसात असते. लंबवर्तुळाला एक लांब मधरेघ असते आणि एक आखूड. तुम्ही बहुधा लांब रेघ डोळ्याला बरी वाटेल तशी कलवता. आखूड रेघेकडे लक्ष द्या: ती चाकाच्या आसाच्या दिशेनेच जायला हवी. आस म्हणजे चाकाच्या मधून आरपार गेलेला दांडा. आधी तो दांडा काढा, मग त्याला काटकोनात लांब रेघ, आणि मग लंबवर्तुळ. चाक आपोआप उभं राहतं.

गाडी सरळ जात असेल तर दोन्ही आस एकमेकांना समांतर, म्हणून दोन्ही लंबवर्तुळांचा कल जवळपास सारखा, दूरचं थोडं लहान. हँडल वळवलेलं असेल तर पुढच्याचा आस वेगळा, म्हणून ते जास्त गोल किंवा जास्त चपटं. तुमच्या चित्रात हँडल सरळ आहे आणि आस वेगवेगळे आहेत, म्हणून चाक वाकल्यासारखं वाटतं.

लंबवर्तुळ काढताना मनगट धरून ठेवू नका, खांद्यापासून हात फिरू द्या. कागदाला पेन्सिल न टेकवता हवेतच तीन-चार फेऱ्या मारा आणि फिरता फिरताच टेकवा. त्याच जागी दोन-तीन फेऱ्या झाल्या तरी चालतात. टोकं अणकुचीदार होऊ देऊ नका, नाहीतर चाकाचा डोळा होतो. रोज एक पान नुसती लंबवर्तुळं, गाडी नाही. कंटाळवाणं वाटेल, पण दोन आठवड्यांत हाताला फरक कळतो.

झुळूक

मुलांसाठी मात्र तिरपी गाडी इतक्यात नको. बाजूने दिसणारी पुष्कळ वर्षं पुरते.

निळाखडू

रंगाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून एवढंच: टायर पूर्ण काळा भरू नये. वरच्या कडेला एक बारीक पट्टी कोरी सोडावी, गोलाई तिथूनच येते. टाकीवर तसाच एक लांबट कोरा तुकडा. सायलेन्सर चकचकीत करायचा तर गडद पट्टा आणि अगदी कोरा पट्टा शेजारी-शेजारी ठेवायचे, मधली करडी छटा कमीत कमी. तैलखडूने पांढरं नंतर लावलं तर नीट उठत नाही, आधीच जागा राखलेली बरी.

आडवी_रेघ

चार दिवस धागा वाचतोय. बाजूच्या दोन चाकांचं वाचून बरं वाटलं. मी काल कित्येक वर्षांनी एक झाड काढलं, खिडकीतून दिसणारं. खोड तिरपं आहे त्याचं, हे मला आजवर माहीत नव्हतं. कोरापान ताई, पुढचं जरूर कळवा.

कोरापान

कळवते, कारण आज जे झालं ते तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

आज त्याने डावीकडे तोंड केलेली गाडी काढली. हब, दहा आरे, कललेला फोर्क, चेन फक्त मागे, साइडस्टँडसुद्धा. बाजूची चाकंही आहेत, दोन्ही. फूटरेस्टही दोन्ही आहेत, झुळूक ताई, मी काही बोलले नाही. मग सायलेन्सर काढायला पेन्सिल टेकवली आणि थांबला. "सायलेन्सर या बाजूला नसतो." मी म्हटलं, हो, नसतो. तो बराच वेळ चित्राकडे बघत राहिला. मला वाटलं पुन्हा पान फाडतो की काय.

त्याने पान उलटं केलं. कोऱ्या बाजूला झाकण ठेवलं, काढून घेतलं, आणि सगळं घेऊन खिडकीपाशी गेला. काचेवर कागद धरला. मागच्या बाजूची चाकं उजेडात आरपार दिसत होती. बरोबर त्यांच्यावर झाकण ठेवून त्याने दोन गोल काढले, फोर्कची रेघ फोर्कवर, हँडल हँडलवर. मग टेबलाशी बसून त्या बाजूला सायलेन्सर, ब्रेकचं पायडल आणि किक काढली. आता त्याचं म्हणणं आहे की हे चित्र भिंतीवर लावायचं नाही, कारण भिंतीवर लावलं तर गाडीची एक बाजू दिसणार नाही. सध्या ते दोऱ्याने दारात टांगलंय, आणि वाऱ्याने फिरतंय.